टेक्सासची घरपट्टी: बिल येतं ऑक्टोबरात, ठरतं एप्रिलपासून

एप्रिल उजाडला की डॅलसच्या उत्तरेकडे राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकाच विषयाने भरून जातात. घर फ्रिस्कोत असो, प्लेनोत असो की प्रॉस्पर-सेलिनाकडे, कुणीतरी घराच्या किमतीच्या पत्राचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, "यंदा साठ हजारांनी वाढवलंय घर! लूट आहे नुसती." मग दहा जण आपापले आकडे टाकतात. त्या पत्रावर चांगलं ठळक लिहिलेलं असतं, की हे बिल नाही. ते वाक्य कुणी वाचत नाही. मीही पहिली दोन वर्षं वाचलं नव्हतं.

पुढे ऑक्टोबरात खरं बिल येतं. तेव्हा बाह्या सरसावून कचेरीत फोन लावावा, तर पलीकडून अतिशय गोड आवाजात उत्तर येतं, की किमतीवर हरकत घ्यायची मुदत मे महिन्यातच संपली. म्हणजे भांडायचं तेव्हा आपण नुसते चिडलेलो असतो आणि भांडायला उठतो तेव्हा दार बंद झालेलं असतं. हा घोळ टाळायचा असेल तर ही घरपट्टी शिजते कुठे, कोण शिजवतं आणि तिच्यात आपल्याला मीठ घालायची संधी कधी मिळते, एवढं समजून घेतलं तरी पुरे.

'काउंटी टॅक्स' म्हणतो, पण काउंटीचा वाटा किती?

आपल्याकडे काउंटी म्हणजे साधारण जिल्हा समजा. टेक्सासात असे २५४ आहेत. बिलावर काउंटीच्या वसुली कचेरीचं नाव असतं म्हणून सगळे त्याला काउंटी टॅक्स म्हणतात. प्रत्यक्षात ती कचेरी म्हणजे दहा जणांची भिशी गोळा करणारी बाई आहे. पैसे तिच्याकडे जातात, पण ते तिचे नसतात.

बिल उघडून ओळी मोजा. स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था), शहर, काउंटी, कम्युनिटी कॉलेज. काही ठिकाणी हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट. नव्या वसाहतीत असाल तर 'मड' नावाचं एक प्रकरण. प्रत्येकाचा दर वेगळा आणि तो दर १०० डॉलर किमतीमागे सांगतात. हिशेब सोपा जावा म्हणून गोल आकडे धरू: शाळा १ डॉलर, शहर ४२ सेंट, काउंटी १५ सेंट, कॉलेज ८ सेंट. बेरीज १ डॉलर ६५ सेंट. आमच्या भागातले खरे दर याच्या आसपासच फिरतात. म्हणजे ज्या काउंटीच्या नावाने आपण बोटं मोडतो तिचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी आणि निम्म्याहून जास्त पैसा शाळांचा.

आणि राज्य? राज्य एक सेंट घेत नाही. घरांवर राज्याने कर लावायला टेक्सासच्या घटनेतच मनाई आहे. राज्याचा इन्कम टॅक्सही नाही. कॅलिफोर्नियातून इकडे येणारा प्रत्येक जण पगारपत्रक बघून पहिले सहा महिने हवेत असतो, तो याच कारणाने. शाळा, रस्ते, पोलिस, अग्निशमन हे सगळं मग चालवायचं कशावर? घरांवर. एका खिशातून वाचलेलं दुसऱ्या खिशातून जातं, इतकंच.

'मड'चं तेवढं नीट समजून घ्या, कारण नवीन घर घेणारे तिथे हमखास फसतात. मोकळ्या रानात वसाहत उभी करायची तर पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन टाकावी लागते. त्यासाठी एक छोटी स्थानिक संस्था स्थापन होते, ती कर्जरोखे काढते आणि ते कर्ज तिथे घर घेणाऱ्यांच्या घरपट्टीतून वर्षानुवर्षं फिटत राहतं. रस्त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं घर सारख्याच किमतीचं, पण एकाच्या बिलात ही ओळ आहे, दुसऱ्याच्या नाही, असं सर्रास दिसतं. बुकिंगच्या आधी विचारायचं. चावी हातात आल्यावर विचारून उपयोग नाही.

दोन आकडे, दोन कचेऱ्या

सगळी घरपट्टी एका गुणाकारात मावते: घराची किंमत गुणिले दर. गंमत अशी, की किंमत ठरवणारे वेगळे आणि दर ठरवणारे वेगळे. किंमत ठरवतं अप्रेझल डिस्ट्रिक्ट. ही स्वतंत्र मूल्यांकन कचेरी; तिला कर लावायचा अधिकार नाही. दर ठरवतात ती शहराची कौन्सिल, स्कूल बोर्ड आणि काउंटीचे कमिशनर. १९७९ च्या कायद्यापूर्वी प्रत्येक संस्था आपापली किंमत काढायची, त्यामुळे एकच घर शाळेच्या वहीत एका किमतीचं आणि शहराच्या वहीत दुसऱ्या किमतीचं असायचं. तो गोंधळ निस्तरायला ही वेगळी कचेरी आली.

एप्रिलचं पत्र येतं ते या मूल्यांकनवाल्यांकडून. त्यात फक्त पहिला आकडा पक्का होत असतो. दर ठरायला अजून चार-पाच महिने असतात.

इथे गणपतीची वर्गणी आठवा. सोसायटीचं उत्सवाचं बजेट आधी ठरतं, समजा तीन लाख. मग ते फ्लॅटच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटलं जातं. उद्या कुणी नवीन टेप आणून सगळ्यांचेच फ्लॅट मोजले आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ वीस टक्क्यांनी जास्त भरलं, तर तुमची वर्गणी वाढेल का? बजेट तीन लाखच असेल, तर नाही. चौरस फुटामागचा दर तेवढा खाली येईल. तुमचं नुकसान कधी? इतरांचे फ्लॅट जुन्याच मापाचे राहिले आणि एकट्या तुमच्याच फ्लॅटवर टेप जरा सैल पडली तर.

घरपट्टीचंही तेच. गल्लीतल्या सगळ्यांची किंमत बारा टक्क्यांनी वाढली म्हणजे कर बारा टक्क्यांनी वाढला असं नाही. "माझी किती वाढली" यापेक्षा "शेजाऱ्यांच्या मानाने माझी किती वाढली" हा प्रश्न जास्त कामाचा.

हां, पण एक खोच आहे. दर ठरवणाऱ्यांनी दर पुरता खाली आणला नाही आणि "दर तर आम्ही वाढवलाच नाही" असं छाती काढून सांगितलं, तर बजेट गुपचूप फुगतं. त्याकडे शेवटी येतो.

घर आतून न बघता किंमत कशी काढतात?

दरवर्षी १ जानेवारीला तुमचं घर बाजारात किती किमतीला गेलं असतं, तो आकडा काढायचा असतो. एका काउंटीत लाखो मालमत्ता. घरोघर जाणं शक्यच नाही. म्हणून घरांचे गट पाडतात. त्याच वसाहतीतली, साधारण त्याच सालातली, तेवढ्याच क्षेत्रफळाची घरं कितीला विकली गेली ते बघून सगळ्या गटाला सूत्र लावतात. आपल्याकडचा रेडी रेकनर जसा गल्लीचा भाव सांगतो, तुमच्या छतातून पाणी गळतं हे त्याला ठाऊक नसतं, तसंच हे. मुंबईत २०१० पासून घरपट्टी रेडी रेकनरच्या आधारे भांडवली मूल्यावर लावतात, त्यामुळे मुंबईकरांना ही कल्पना नवी वाटू नये.

टेक्सासात आणखी एक अडचण आहे. इथे घर कितीला विकलं हे सरकारला सांगण्याची सक्ती नाही. त्यामुळे मूल्यांकनवाल्यांकडे विक्रीचे आकडे अर्धेमुर्धेच असतात. सूत्र चुकतं ते बऱ्याचदा इथे, आणि हरकतीला वाव असतो तोही यामुळेच.

एका घराच्या तीन किमती

पत्रातल्या तीन आकड्यांनी बहुतेकांचं डोकं गरगरतं. पहिला बाजारभाव. दुसरा आकारणी मूल्य: बाजारभावाला कायद्याची मर्यादा लावल्यावर उरलेला आकडा. तिसरा करपात्र मूल्य: त्यातून सवलती वजा केल्यावर ज्यावर प्रत्यक्ष कर बसतो तो. राहत्या घराच्या बाबतीत या तिन्हींत फरक पडतो तो मुख्यतः एका गोष्टीमुळे, होमस्टेड सवलतीमुळे.

होमस्टेड म्हणजे तुम्ही स्वतः राहता ते मुख्य घर. पुण्यातल्या वाचकांना पटकन कळेल: स्वतः राहत असाल तर महापालिका घरपट्टीत ४० टक्के सवलत देते, पण त्यासाठी तो पीटी-३ अर्ज भरून द्यावा लागतो. नाही दिला, तर राहत असूनही सवलत नाही. इथेही सवलत आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो.

अर्ज केल्यावर दोन गोष्टी मिळतात. शाळेच्या करापुरते घराच्या किमतीतून १,४०,००० डॉलर वजा होतात. २०२२ साली हे ४०,००० होते, २०२३ पासून १,००,००० झाले आणि नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात १,४०,०००. शहर, काउंटी, कॉलेज यांच्याही आपापल्या सवलती असू शकतात. दुसरी गोष्ट दहा टक्क्यांची वेसण: बाजारभाव कितीही उसळला तरी आकारणी मूल्य वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, नवीन खोली किंवा स्विमिंग पूल बांधलात तर तेवढी भर वेगळी.

आकडे मांडून बघू. घर ५ लाख डॉलरचं, दर वरचेच. सवलत नसेल तर कर ८,२५०. सवलत असेल तर शाळा ३,६०,००० वर आकारणार, म्हणजे ३,६००. बाकीचे तिघे पूर्ण ५ लाखांवर, म्हणजे ३,२५०. एकूण ६,८५०. एका फुकट अर्जाने वर्षाचे १,४०० डॉलर वाचले.

पुढच्या वर्षी बाजारभाव ६ लाख झाला. वेसण नसती तर सहा लाखांवर आकारणी झाली असती. आहे म्हणून साडेपाचवर. दर तेच राहिले तर कर ७,६७५. वाढला, पण बाजारभाव वीस टक्के वाढला असताना कर बाराच टक्के वाढला.

अर्जाचं काम सोपं आहे. अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या साइटवरचा फॉर्म आणि ज्यावर याच घराचा पत्ता आहे असं ड्रायव्हिंग लायसन्स. लोक अडकतात ते लायसन्सवर. अपार्टमेंटचा जुना पत्ता तसाच असतो. नेहमीची मुदत ३० एप्रिल, पण विसरलात तरी कराच्या देय तारखेपासून साधारण दोन वर्षं उशिरा अर्ज करता येतो आणि पैसे परत मिळतात. एकदा दिला की दरवर्षी द्यावा लागत नाही. मात्र दर पाच वर्षांत एकदा तरी कचेरीला तपासणी करावी लागते, त्याचं पत्र आलं तर जाहिरात समजून टाकून देऊ नका.

जाहिरातीवरून आठवलं. घर घेतल्यावर महिनाभरात सरकारी छापाचं एक पाकीट येतं: अमुक डॉलर भरा, तुमचा होमस्टेड नोंदवून देतो. ते सरकार नव्हे. खरा अर्ज फुकट असतो. माझ्या एका मित्राने चेक लिहून पाकीट बंदसुद्धा केलं होतं. बायकोने अडवलं म्हणून वाचला.

व्हिसावर आहोत, आईबाबा आलेत, जुनं घर भाड्याने दिलंय

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हे तीन प्रश्न हमखास येतात.

एच-१बीवर असाल तरी होमस्टेड मिळतो. अट नागरिकत्वाची नाही, घर तुमच्या नावावर असण्याची आणि ते तुमचं मुख्य राहतं घर असण्याची आहे.

पासष्टच्या पुढच्या मालकांना शाळेच्या करात आणखी ६०,००० डॉलरची सूट मिळते. हीही २०२५ च्या मतदानातच १०,००० वरून वाढली. शिवाय त्यांच्या शाळेच्या कराला कमाल मर्यादा बसते, रक्कम तिथेच गोठते. म्हणून आईबाबा सहा महिने राहायला आले की हे मिळेल का, असं लोक विचारतात. मालकी त्यांची नसेल तर नाही. आजोबांनी अंगणात कितीही कढीपत्ता लावला तरी.

नवं घर घेऊन जुनं भाड्याने दिलंत तर जुन्याचा होमस्टेड काढून घ्यायला कळवणं तुमचं काम. तसाच ठेवलात आणि कचेरीच्या लक्षात आलं, तर मागच्या वर्षांचा फरक वसूल होतो.

नव्या घराचा दुसरा हिवाळा

आता आमची कथा. घर नवीन बांधकामाचं, सप्टेंबरात ताबा. विक्री कार्यालयातल्या हसतमुख माणसाने महिन्याचा हप्ता कागदावर लिहून दिला होता. पहिलं वर्ष मजेत गेलं. पुढच्याच्या पुढच्या फेब्रुवारीत कर्ज देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं आणि हप्ता आठशे डॉलरहून जास्त वाढला. मी दोनदा कागद उलटा करून बघितला, की मागे काही खुलासा आहे का.

खुलासा एस्क्रो या शब्दात होता. कर्ज असेल तर बहुतेक वेळा घरपट्टी तुम्ही थेट भरत नाही. कर्ज देणारी कंपनी अंदाज बांधून दर महिन्याच्या हप्त्यासोबत बारावा हिस्सा घेते, एका डब्यात साठवते आणि वर्षाअखेर तुमच्या वतीने भरते. तो डबा म्हणजे एस्क्रो. घरच्या खर्चाच्या पाकिटांसारखाच, फक्त पाकीट दुसऱ्याच्या कपाटात.

किंमत १ जानेवारीची धरतात, हे वर आलंच. आमचं घर त्या वर्षी १ जानेवारीला नव्हतंच; चिखल होता आणि त्यात खोचलेला नंबराचा खुंट. मग पहिल्या वर्षीचा कर फक्त जागेवर. वरच्याच दरांनी, जागा १,१०,००० ची धरा: वर्षाला १,८१५, महिन्याला साधारण १५१. कंपनीने तेवढेच घेतले. दुसऱ्या वर्षी १ जानेवारीला पूर्ण घर उभं. कर ६,८५०. डब्यात १,८१५, भरले ६,८५०, तूट ५,०३५.

मग एकदम दोन वाढी होतात. पुढच्या वर्षासाठी महिन्याला १५१ ऐवजी ५७१ घ्यायचे, म्हणजे ४२० जास्त. आणि जुनी तूट बारा महिन्यांत फेडायची, तेही ४२०. मिळून ८४०. वर कंपनीला दोन महिन्यांचा राखीव गाळा ठेवायची मुभा असते. कुणी लबाडी केलेली नसते, हिशेब बरोबर असतो. फक्त तो आधी कुणी सांगितलेला नसतो.

नवीन घर घेत असाल तर उपाय साधा आहे. पूर्ण किमतीवर दर लावून स्वतः कर काढा आणि पहिल्या दिवसापासून तेवढे पैसे वेगळे ठेवा. किंवा कंपनीला सांगा की पूर्ण घराच्या अंदाजाने एस्क्रो घ्या.

जुनं घर घेणाऱ्यांचा खड्डा वेगळा. साइटवर विक्रेत्याचा कर दिसतो: "फक्त ४,३००!" तो कदाचित बहात्तर वर्षांचा असतो, त्याचा शाळेचा कर गोठलेला असतो, दहा टक्क्यांच्या वेसणीत घर बारा वर्षं वाढलेलं असतं. घर विकलं की ती वेसण त्याच्याबरोबर जाते. तुमची घरपट्टी बाजारभावापासून सुरू होते आणि तुमची वेसण लागते ती होमस्टेड मिळालेल्या पहिल्या वर्षाच्या पुढच्या वर्षापासून.

"पण मी घर विकलंच नाही, कागदावरच्या नफ्यावर कर का?"

रास्त तक्रार. पगार तेवढाच, घर तेच, स्वयंपाकघरातला नळही तोच गळणारा, आणि किंमत मात्र लाखाने वर. कॅलिफोर्नियाने १९७८ साली यावर जनमताने उत्तर शोधलं: कर खरेदीच्या किमतीवर आणि मूल्याची वाढ वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के. ऐकायला छान. परिणाम असा, की १९८५ पासून राहणारे काका आणि मागच्या वर्षी शेजारचं तसंच घर घेणारं तरुण जोडपं यांच्या करात कैक पटींचा फरक असतो आणि रस्ता तर दोघांचा एकच. टेक्सासची दहा टक्क्यांची वेसण ही त्याचीच सौम्य आवृत्ती. जुन्याला दिलासा द्यायचा म्हणजे नव्यावर भार टाकायचा, हे टळत नाही. मला स्वतःला टेक्सासची पद्धत जास्त न्याय्य वाटते, पण मी नवा होतो तेव्हा हे म्हणालो नसतो.

न्यू जर्सीतले मित्र या सगळ्यावर हसतात. तिथे घरपट्टी देशात सर्वांत जड राज्यांपैकी, वर राज्याचा इन्कम टॅक्सही आहे, आणि पैसे भरायचे वर्षातून चारदा.

"आम्हाला मुलंच नाहीत, शाळेचे पैसे आम्ही का द्यायचे?"

कारण तुमच्या घराची किंमत त्या शाळेमुळेच आहे. न्यू जर्सीतलं एडिसन असो की फ्रिस्को, आपले लोक घर बघण्याआधी शाळेचं रेटिंग बघतात. उद्या विकायला काढाल तेव्हा तुम्हीच "स्कूल डिस्ट्रिक्ट उत्तम" असं जाहिरातीत आधी लिहाल.

खरी बोचरी गोष्ट वेगळीच आहे. १९९३ च्या कायद्याने श्रीमंत भागातल्या स्कूल डिस्ट्रिक्टना जादा उत्पन्नाचा काही भाग राज्याकडे द्यावा लागतो, गरीब भागातल्या शाळांसाठी. लोक त्याला रॉबिन हूड म्हणतात. तेव्हा तुमच्या घरपट्टीतला काही पैसा तुमच्या शाळेत न जाता मेक्सिकोच्या सीमेवरच्या रिओ ग्रान्दे नदीच्या काठावरच्या एखाद्या शाळेत जातो. तत्त्व म्हणून मला पटतं; बिल हातात असताना जरा कमी पटतं.

हरकत: मे महिन्यातली पंधरा मिनिटं

मुदत १५ मे, किंवा कचेरीने पत्र पाठवल्यापासून ३० दिवस, यातली जी नंतर येईल ती. अर्ज ऑनलाइन होतो, फी नाही, वकील लागत नाही. मग पायऱ्या दोन. आधी कचेरीतल्या मूल्यमापकाशी अनौपचारिक बोलणं. हल्ली बऱ्याच ठिकाणी तेही ऑनलाइन, ते एक आकडा देतात, पटला तर घ्या. नाही पटला तर अप्रेझल रिव्ह्यू बोर्डापुढे सुनावणी. बोर्डात बसतात ते तुमच्याआमच्यासारखे स्थानिक नागरिक, कचेरीचे नोकर नव्हेत.

मुद्दे प्रामुख्याने दोन चालतात. एक, किंमत बाजारभावापेक्षा जास्त लावली आहे. दोन, बाजारभाव बरोबर असेलही, पण सारख्या घरांच्या मानाने माझी जास्त आहे. दुसरा मुद्दा लोक विसरतात आणि तोच जास्त कामाचा. वर्गणीतली ती सैल टेप आठवा. शेजाऱ्यांच्या घरांची आकारणी कचेरीच्या साइटवर उघड असते. तुमच्यासारखी पाच-सात घरं निवडा, चौरस फुटामागची किंमत काढा, मधला आकडा बघा. अर्ज करतानाच कचेरीकडे त्यांचा पुरावाही मागा. सुनावणीच्या १४ दिवस आधी तो तुम्हाला मिळायला हवा.

चालत नाहीत ते मुद्दे: कर परवडत नाही, नोकरी गेली, शेजारी चांगले नाहीत. बोर्ड फक्त किंमत बघतं.

मी गेलो तेव्हा हातात तीन फोटो होते. इथली चिकणमाती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि घराचा पाया हलतो. आमच्या जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात दारावरून तिरकी चीर गेली होती. तिच्यात मी २५ सेंटचं नाणं उभं धरून फोटो काढला होता, आणि सोबत दुरुस्तीचं लेखी कोटेशन. त्या नाण्याकडे बोर्डातल्या तिघांनी आळीपाळीने पाहिलं. कचेरीच्या माणसाने तुलनेला ज्या घराचा आकडा दिला होता त्याला स्विमिंग पूल होता, आमच्याला नाही, तेही दाखवलं. पंधरा मिनिटांत किंमत १८,००० डॉलरने खाली आली. करात साधारण ३०० डॉलर. अर्धा दिवस रजा, एक पार्किंग. माझ्या मते परवडलं.

एक सापळा मात्र ओळखा. तुमचा बाजारभाव ६ लाख लावलाय, पण वेसणीमुळे आकारणी मूल्य ५,५०,००० च आहे. तुम्ही जिवाचा आटापिटा करून बाजारभाव ५,७०,००० वर आणलात. यंदा किती वाचले? शून्य. कर साडेपाचवरच बसणार होता. आकडा त्याच्याखाली नेता येत असेल तरच यंदाचा फायदा. एरवी पुढच्या वर्षीच्या चढाला थोडा आळा, बस. वाचलेल्या करातला हिस्सा घेऊन हे काम करणाऱ्या कंपन्याही आहेत. वेळ नसेल तर जरूर द्या, पण आधी हे गणित करा.

बिल आलं तर भरायचं कधी?

ऑक्टोबरात येतं, मुदत ३१ जानेवारी. १ फेब्रुवारीला दंड आणि व्याज मिळून ७ टक्के, मग दर महिन्याला चढत जुलैत १८ टक्के, आणि वर वसुलीच्या वकिलांची फी २० टक्क्यांपर्यंत. एस्क्रो असेल तर कंपनी भरते. पण कर्ज एका कंपनीकडून दुसरीकडे विकलं गेलं असेल, तर डिसेंबरात काउंटीच्या साइटवर स्वतः पत्ता टाकून बघा. उशीर कुणामुळेही झाला तरी थकबाकी घराच्या नावावर चढते.

आणि तो दुसरा आकडा

किमतीसाठी सगळे भांडतात, दराकडे कुणी फिरकत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात शहर, काउंटी, स्कूल बोर्ड आपापले दर मंजूर करतात आणि त्याआधी उघड सुनावणी घेतात. कायद्याने त्यांना एक आकडा जाहीर करणं भाग आहे: नो-न्यू-रेव्हेन्यू रेट. म्हणजे गेल्या वर्षी होत्या त्याच मालमत्तांवर, नव्या किमतीने, गेल्या वर्षीइतकाच पैसा गोळा होईल असा दर. वर्गणीच्या भाषेत, बजेट तीन लाखच ठेवायचं तर फुटामागे किती. "दर वाढवला नाही" म्हणणाऱ्याचा दर या आकड्याच्या वर असेल तर कर वाढवलाय, हे ओळखायचं. मोठी शहरं आणि काउंटी यांना देखभाल खर्चापुरतं साधारण साडेतीन टक्क्यांहून जास्त उत्पन्न वाढवायचं असेल तर नोव्हेंबरात मतदारांची मंजुरी लागते. शाळांच्या मर्यादेचं सूत्र वेगळं. नागरिक नसाल तर मत देता येत नाही, पण सुनावणीत बोलता येतं. त्यासाठी पासपोर्ट कुणी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी संध्याकाळी मी गेलो होतो. अब्जावधी डॉलरच्या मालमत्तेवर कर लावायची सुनावणी, दोनशे खुर्च्यांचं सभागृह आणि बोलायला आलेले आम्ही तिघं. एक आजी त्यांच्या गल्लीतल्या दिव्याबद्दल बोलल्या. एका गृहस्थाला कुत्र्यांची बाग हवी होती. मग माझं नाव पुकारलं.